देवघरातली गाण्याची डबी

ज्याची कुणालाही गरज नाही असं काम आमच्या साडूंइतकं जीव ओतून करणारा माणूस गोदावरीपासून मांजरेपर्यंत शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लातूरला, आम्ही नांदेडला. साडूचं नातं तसं बिनकामाचंच. रक्त नाही, मानपान नाही, भांडावं इतकी जवळीक नाही आणि विसरून जावं इतकं अंतरही नाही. एकाच सासुरवाडीला शेजारी शेजारी पाट मांडून जेवायला बसवलेली दोन माणसं, एवढाच काय तो संबंध. दोघांनीही "वरण झकास झालंय" म्हणायचं आणि आपापल्या गावाला जायचं. पण आमच्या साडूंना हे मंजूर नव्हतं. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला, आणि दोन माणसांच्या मध्ये तार नाही हे दृश्य त्यांना आजही बघवत नाही.

खात्यात ते लागले ट्रंक कॉलच्या जमान्यात. तेव्हा लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागे, आणि ती सवय त्यांच्या गळ्याला चिकटली ती कायमची. हातात नवा मोबाइल आला, आवाज मात्र ट्रंक कॉलचाच राहिला. त्यांचा फोन आला की आमच्या घरी तो कुणी कानाला लावत नाही. टीपॉयवर ठेवायचा आणि आपण पलीकडच्या खुर्चीत बसायचं. स्पीकर लावायची गरज पडत नाही. एकदा ते अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींच्या, गुडघेदुखीबद्दल सांगत होते, तर भिंतीपलीकडून आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, एरंडाचं पान बांधा." साडूंनी तिकडून "हाव, बांधतो!" असं उत्तरही दिलं.

खात्याची दुसरी सवय म्हणजे टेस्टिंग. सकाळी कामावर गेलं की आधी एकेक लाईन तपासायची, जिवंत आहे की मेली. 'जिवंत' हा त्यांचाच शब्द. निवृत्त झाल्यावर तपासायला लाईनी उरल्या नाहीत आणि साडू कासावीस झाले. लोक निवृत्त झाले की सकाळी फिरायला जातात, प्लॉट बघत हिंडतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत घुसून भांडणं लावतात. साडूंनी कॅसेटी जमवायला घेतल्या. मोबाइल आले तेव्हा लोकांनी कॅसेटी माळ्यावर टाकल्या होत्या, माळे भरले तेव्हा त्या भंगारात निघाल्या, आणि भंगारवाल्याकडून फिरत फिरत साडूंच्या घरी आल्या. भावगीतं, भजनं, कव्वाल्या, कुणाच्या तरी लग्नातला बँड, आणि शिरूर अनंतपाळच्या सप्ताहातलं एक कीर्तन, ज्यात बुवांपेक्षा जनरेटरचा आवाज मोठा आहे. साडूंच्या लेखी हे सगळं सारख्याच मोलाचं. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारे एक चाचा बसतात, ते यांचे जुने दोस्त. टेप दुरुस्तीला आणणारं शेवटचं गिऱ्हाईक म्हणून चाचांचा यांच्यावर जीव, आणि टेप दुरुस्त करू शकणारा शेवटचा माणूस म्हणून यांचा चाचांवर. दोन-तीन मेलेल्या टेपरेकॉर्डरांचे अवयव एकत्र करून चाचांनी एक जिवंत टेप उभा करून दिला आणि इथून आमच्या गोताच्या साडेसातीला सुरुवात झाली.

मग ती डबी आली. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "पडदा कुठाय याचा? बटणं कुठायत?"

"पडदा लागतो बघणाऱ्याला," साडू म्हणाले. "ही ऐकवणारी हाय."

डबीला वीज किती लागते, तर देवापुढच्या झिरोच्या बल्बाला लागते तेवढीच. बारा महिने चालू ठेवली तरी मीटरला पत्ता लागत नाही. तिला एक डिस्क जोडलेली, डिस्कवर सगळ्या कॅसेटींची गाणी भरलेली, आणि डबी घरच्या इंटरनेटच्या तारेला लावलेली. म्हणजे माणूस नांदेडला असो, लोह्याला असो नाहीतर पुण्याला, आपल्या मोबाइलवर बोट ठेवलं की लातूरच्या डबीतून गाणं निघणार. याला सर्व्हर म्हणतात, असं त्यांनी मला जिलबी खाता खाता समजावलं. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, महिन्याला थोडे पैसे भरले की मोबाइलवर जगातली सगळी गाणी मिळतात. कशाला हा उपद्व्याप?" त्यावर साडू म्हणाले, "जगातली मिळतात रे. आपली मिळतात का? अन् भाड्याच्या गाण्यावर जीव लावायचा न्हाई. उद्या मालक म्हणाला, घर खाली करा, तर?" पोरगं गप्प बसलं. साडूंशी वाद घालताना गप्प बसलेलं बरं असतं, फोनवर तर विशेषच.

कॅसेटीतलं गाणं डबीत उतरवायची त्यांची पद्धतही खास त्यांचीच. त्यासाठी वायर मिळते असं चाचा सांगत होते, पण साडूंना धीर कुठला? टेपरेकॉर्डर टेबलावर, त्याच्यासमोर माइक, आणि घरात सगळ्यांना दम: कुणी हूं की चूं करायचं नाही. पण घर म्हटलं की घर. कुकर त्यांचं कधी ऐकत नाही. त्यामुळे साडूंच्या संग्रहातल्या बऱ्याच गाण्यांना कुकरच्या शिट्ट्यांची साथ आहे. एका भजनात तर कळसच झालाय. बाई फार तन्मय होऊन गातायत, दुसरं कडवं रंगात आलंय, आणि तेवढ्यात मागून अक्कांचा खणखणीत आवाज, "अहो, नळ आला!" लातूरच्या बाहेरच्या माणसाला यातली निकड कळायची नाही. तिथे पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि आलं की माणूस हातातला घाससुद्धा ताटात टाकून उठतो. मी एकदा सुचवलं, की हे भजन पुन्हा एकदा नीट उतरवून घ्या. साडू म्हणाले, "कॅसेट तुटली नंतर. अन् घेतलं असतं तरी, नळ थोडाच परत येणार होता त्या वेळेला?"

डबीची स्थापना झाली देवघरात. 'स्थापना' हा शब्द मी विचार करून लिहितोय. वीज गेली तरी गाणी जाता कामा नयेत असा साडूंचा हट्ट, आणि इन्व्हर्टरची लाईन घरात फक्त हॉलच्या पंख्याला, स्वयंपाकघरातल्या ट्यूबला आणि देवघरातल्या दिव्याला. पंख्याची जागा अक्का देईनात, ट्यूबची मागायची साडूंना छाती होईना. राहिले देव. देवांनी काही हरकत घेतली नाही. देवघराच्या खालच्या खणात, जिथे आधी वाती आणि कापूर असायचा, तिथे डबी बसली. जाळीची दारं असल्यामुळे हवाही खेळती. मात्र अक्कांनी अटी घातल्या. अंघोळीशिवाय हात लावायचा नाही. कमरेला चामड्याचा पट्टा असताना तिथे बसायचं नाही. एकादशीला कव्वाली चालेल, लावणी चालणार नाही. सकाळी पूजेला बसल्या की वरच्या देवांना गंधफूल झाल्यावर चार अक्षता खालीही पडत. खंडेनवमीला तर डबीला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. साडू कळवळून म्हणत, "अगं, पाणी तेवढं शिंपडू नकोस तिच्यावर!" अक्का म्हणत, "मग देवात कशाला बसवली? देवात बसल्यावर देवासारखं ऱ्हावं."

आता गाणी झाली, डबी झाली, राहिले ऐकणारे. साडूंनी नात्यातल्या प्रत्येकाला न विचारता डबीवर खातं उघडून दिलं. आपल्या नावाचं एक चित्र, आणि आपण गाणं लावलं की साडूंच्या मोबाइलवर त्या चित्राशेजारी हिरवा ठिपका. कोण ऐकतंय, काय ऐकतंय, कुठल्या कडव्यापर्यंत आलंय, सगळं लातूरला दिसणार. आणि गाणं संपायचा अवकाश की फोन. "साडू! ऐकलं का? शेवटची तान कशी वाटली?" नाही ऐकलं तरी फोन. "साडू! दोन दिवस झाले, तुमची लाईन मेल्यावानी दिसून राहिली. तब्येत बरी हाय ना?" आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या बायकोचे भाऊ, लोह्याला असतात. ते एकदा सकाळी दाढी करताना एक गाणं लावून मधेच बाजारात गेले, तर चौकात फोन: "अर्ध्यातून उठलात? आवडलं न्हाई का?" बाजारातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडे वळून बघितलं म्हणे.

खरं सांगायचं तर त्या कॅसेटी ऐकणं म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. त्यात आमच्या घरी बारावीची मुलगी. शेवटी तोडगा तिनंच काढला. गाणं लावायचं, आवाज पूर्ण बंद करायचा आणि फोन फ्रिजवर ठेवून द्यायचा. लातूरला हिरवा ठिपका, इकडे शांतता. ही युक्ती तिनं लोह्याच्या मामाला सांगितली, मामानं पुण्याच्या भाच्याला, आणि बघता बघता सगळं गोत मुक्यानं गाणी ऐकायला लागलं. साडूंच्या फोनला प्रत्येकाची उत्तरं तयार. "वा!" "काय गळा लागलाय!" "हल्ली असं कुठं ऐकायला मिळतं, दाजी!" साडू तृप्त. आमची हजेरी लागायची, त्यांचा दिवस चांगला जायचा. कुणाचं काय बिघडत होतं?

पण एवढ्या श्रोत्यांत साडूंनी खरं मानलं ते एकालाच, आमच्या सासूबाईंना. मराठवाड्याच्या रिवाजाप्रमाणे आम्ही दोघे जावई त्यांना मामी म्हणतो. त्या औश्याला एकट्या राहतात. मुलगा लोह्याला बोलावतो, लेकी बोलावतात, पण त्यांचं एकच पालुपद, "माझं घर हाय की हितं." साडूंनी त्यांच्या मोबाइलवर एकच मोठं बटण करून दिलं होतं. दाबलं की एकच भजन लागायचं, तेच, नळवालं. रोज दुपारच्या चहाच्या वेळेला औश्याचा हिरवा ठिपका लागायचा म्हणजे लागायचा. मग साडू हातातलं काम टाकून मामींना फोन लावायचे आणि गल्लीतली कुत्री उठून बसायची. "दर्दी म्हणजे काय ते मामींकडून शिका," ते मला सांगायचे. "तेच भजन, रोज! आपण काय, गाणी चघळतो अन् थुंकतो. एक मामी ऐकतात ना, तेवढ्यासाठी ही डबी चालवीन म्हणतो मी."

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सगळ्यांचे मोबाइल एकदम मुके झाले. म्हणजे होतेच मुके, पण आता गाणंही लागेना. लातूरहून फोनही येईना. आमच्या घरात आधी आनंदी आनंद झाला. मग बायकोनं अक्कांना फोन केला तेव्हा कळलं, की शिरूर अनंतपाळला साडूंच्या भाऊबंदांपैकी एक चुलते वारले. सुतक आलं. देवघराची दारं ओढून घेतली. नेमकी त्याच दिवशी डबी बंद पडली, आणि सुतक फिटेपर्यंत देवघराला हात लावायचा नाही. "म्हणजे गाण्यालाही सुतक!" म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

दोन दिवसांनी औश्याहून माझ्या बायकोला फोन आला. मामी रडवेल्या झाल्या होत्या. "थोरले जावई रुसलेत का गं? काय चुकलं माझं?" बायकोनं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, सुतक आहे, डबी बंद आहे, कुणी रुसलं नाही. पण मामींना काही ऐकू गेलं नाही. त्या आपल्या "काय चुकलं गं?" एवढंच म्हणत राहिल्या आणि फोन ठेवला. बायको मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. आईला समजावून सांगा, आणि येताना लातूरला दारावरही जाऊन या. नाहीतरी दुःखाला जायलाच हवं." तेव्हा मी नांदेडहून गाडीत बसलो, लातूर ओलांडून तसाच पुढे औश्याला गेलो.

मामी ओसरीवर चटईवर बसल्या होत्या. मांडीवर मोबाइल. शेजारी कपात चहा निवून गेलेला. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि आधी मोबाइलच पुढे केला. "बगा की वो धाकले जावई, काय झालंय याला. दाबू दाबू बोट दुखायलंय. आमची अक्का काई वरडंना."

"अक्का?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "भजन ऐकू येत नाही म्हणता का?"

"भजन? भजन मला कवा ऐकू येत होतं? कान गेले की माझे. फोन कानाला दाबून धरला की मधी आमची अक्का 'नळ आला' म्हणून वरडती, तेवढं कळतं. पाणी आलं म्हंजेच ती मोठ्यानं बोलती, न्हाईतर फोनवर पुटपुटती नुस्ती. तिचा आवाज आला की म्या समजते, लागलं बटण. मग ठेवून देते. घडीभरात थोरल्या जावयाचा फोन येतो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मी म्हणालो, "मग बटण कशाला? सरळ त्यांनाच फोन लावायचा की!"

मामींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चौकात फुगडी घालायला सांगितलं. "अवो, सासूनं उठून जावयाला फोन लावावा का? काय म्हनतील? म्हातारीला काय तरी पायजे असंल म्हनतील. आमचे मालक होते तवा जावयाम्होरं म्या कधी उंबऱ्याच्या भायेर आले न्हाई. बटण दाबलं तर ते काय फोन केल्यावानी होतंय व्हय? ते आपलं भजन." मग त्या हळूच म्हणाल्या, "अन् त्यांचंच बोलणं मला कळतं, बाबा. माझं लेकरू फोन करतं, लेकी करत्यात, समदी कुजबुजल्यावानी बोलत्यात. म्या नुस्तं हां हां म्हनते. थोरले जावई बोलले की कसं, घर भरल्यावानी वाटतं. रुसले नसतील ना वो?"

ज्या आवाजापासून आम्ही पलीकडच्या खुर्चीत पळायचो, त्या आवाजाची ही बाई रोज वाट बघत बसायची. मी ओरडून ओरडून सुतकाचं सांगितलं. ते कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला, पण लगेच म्हणाल्या, "सुतक देवाला. फोनला कशाचं सुतक?" मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मी लातूर गाठलं.

साडू व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, आवाज इतका खाली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. चुलत्यांचं दुःख असेल म्हणून मी दोन शब्द बोललो, तर ते म्हणाले, "त्यांचं सोनं झालं, नव्वदी पार केली होती. ते जाऊ द्या. सुतक फिटलं की डबी काढून टाकणार हाय मी."

"का हो?"

"मागच्या महिन्यात एक नवी कॅसेट चढवली होती. तुम्ही ऐकली. कशी होती म्हणालात?"

"छान होती की," मी सावधपणे म्हणालो. "आवाजात दर्द होता."

"हाव. लोह्याचे मेहुणे म्हणाले, तबला लई गोड हाय. तुमच्या घरचे म्हणाले, दाजी, शेवटचं गाणं तर डोळ्यांत पाणी आणतं. आमचं पोरगं म्हणालं, बाबा, क्लास." साडूंनी हातातला मोबाइल उपडा ठेवला. "ती कॅसेट कोरी होती, साडू. चुकून चढली. नुस्ती खरखर. अन् एकानंबी मधून बंद केली न्हाई."

मी फरशीवरचे ठिपके बघत बसलो. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नव्हते. "तुमचं चुकलं असं न्हाई म्हणत मी," ते म्हणाले. "माझं मन राखायला करत होते सगळे, एवढं कळतं मला. पण मग डबी चालवायची कोणासाठी? एक मामी राहिल्या. त्यांनी तरी इतक्या दिवसांत विचारलं का, भजन का बंद झालं म्हणून?"

"तुम्ही फोन केलात का त्यांना?"

"बिनभजनाचा? जावयानं सासूला उगाच काय म्हणून फोन करायचा? बोलायचं काय?"

वा रे वा! औश्याला त्या, लातूरला हे, मध्ये तासाभराचाही रस्ता नाही, आणि दोघांचाही मानपान आडवा. मला सांगून टाकावंसं वाटलं, की अहो, मामींना भजन ऐकू येत नाही, तुम्ही ऐकू येता. पण या माणसाच्या पदरात एकच श्रोता उरला होता. तोही मी काढून घेऊ? मी ठरवलं, बोलायचं ते सगळं खरंच बोलायचं, फक्त सगळं बोलायचं नाही.

"विचारलं की," मी म्हणालो. "तिकडूनच येतोय मी. रोज चहाच्या वेळेला मोबाइल मांडीवर घेऊन बसतात. चहा निवतो. बटण दाबून दाबून बोट दुखायलंय म्हणाल्या. 'आमची अक्का वरडंना' म्हणाल्या."

"काय सांगता!" साडू ताठ बसले. "तेवढं बारीकसुद्धा ऐकतात?"

"थोरले जावई रुसलेत का, म्हणून विचारत होत्या. डोळ्यांत पाणी होतं."

साडू उठलेच. आवाजही उठला. "अगं ए! डबी चालू करायची! आत्ता!"

आतून अक्का आल्या. सुतक अजून फिटलेलं नव्हतं, तेव्हा देवघराला हात लागणार नाही, हे त्यांनी दारातच सांगितलं. मला सुतक नाही, मी करतो, असं मी म्हणालो, तर अक्का म्हणाल्या, "प्रवासाहून आलात, आधी अंघोळ करा. अन् अंघोळीला पाणी न्हाई, नळ परवा यायचाय." साडूंनाही माझा भरवसा वाटेना. "तुम्ही रिमोटमध्ये सेल उलटे घालता, साडू. राहू द्या." दोघे नवरा-बायको त्या बंद दारांकडे बघत उभे राहिले. मग अक्काच म्हणाल्या, "चाचांना बोलवा. त्यांना कुठं आपलं सुतक?"

चाचा स्कूटरवरून लगेच आले. चपला बाहेर काढल्या. अक्का दारातून म्हणाल्या, "चाचा, हातपाय धुता का जरा? पाणी थोडंच हाय, पण देते."

"भाभी, मशिदीतूनच आलो सीधा. वजू हाय माझा, हातपाय धुतलेलेच हायत."

"मग चालतंय," अक्का म्हणाल्या.

चाचांनी देवघराची दारं उघडली. खाली मांडी घालून बसले, वरच्या देवांना धक्का लागू नये म्हणून एक हात वर आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं खालच्या खणातली डबी पुढे ओढली. वाकून बघितलं आणि हसायला लागले. "भाभी, हिला रोज खिचडी चारता काय?" डबीच्या वायरीच्या तोंडाशी अक्षतांचे दाणे जाऊन बसले होते आणि पिन ढिली झाली होती. चाचांनी चिमट्यानं एकेक दाणा काढून फुलासारखा बाजूला ठेवला, हलकेच "बिस्मिल्ला" म्हणत पिन दाबली, आणि डबीचा लाल दिवा लुकलुकला.

अक्कांनी तिथूनच हात जोडले. देवांना की डबीला की चाचांना, मला कळलं नाही. साडू मोबाइलकडे डोळे लावून बसले. चहाची वेळ झालेली. अक्कांनी चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही. आणि औश्याचा ठिपका हिरवा झाला.

"मामी!" सगळी गल्ली दचकली. "हाव, मीच बोलून राहिलो! लागलं का भजन? लागलं?" मग पुढचा कितीतरी वेळ औश्याची थंडी, अक्कांचे गुडघे, तूर, शेजारणीची म्हैस असं सगळं झालं. भजनाचा पुन्हा विषय निघाला नाही. सुरुवातीलाच मोबाइलवर हात ठेवून साडू मला म्हणाले होते, "म्हणतात, लई गोड लागलं. बघा, याला म्हणतात कान!" मी मान हलवली. चाचा चहा पीत होते, त्यांनीही हलवली.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लिहायला भीती वाटत नाही, कारण साडू वाचण्यातले नाहीत, ऐकण्यातले आहेत. डबी चालू आहे. अक्षता आता लांबून पडतात. पण त्या दिवसापासून साडू आम्हाला गाण्यांबद्दल विचारत नाहीत. आम्ही लावलं काय, न लावलं काय, टीपॉयवरचा फोन गप्प असतो. आमच्या शेजारीणबाईंनीसुद्धा परवा भिंतीपलीकडून विचारलं, "लातूरचे बरे आहेत ना?"

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी फ्रिजवरून मोबाइल काढला, ते नळवालं भजन लावलं आणि आवाज पूर्ण वर केला. आधी खरखर. मग बाई गायला लागल्या. पहिलं कडवं झालं, कुकरची शिट्टी झाली, दुसरं कडवं रंगात आलं आणि अक्का ओरडल्या, "अहो, नळ आला!" खुर्ची सरकली. धावत जाणारी पावलं. लांब कुठंतरी बादली आपटली. आणि मग त्या रिकाम्या खोलीत, ऐकायला कुणीही नसताना, बाई तशाच गात राहिल्या, शेवटच्या कडव्यापर्यंत. फार चांगल्या गात होत्या. मला हे माहीतच नव्हतं.

भजन संपलं. मी मोबाइल मांडीवर घेऊन बसलो. साडूला फोन करायला कसला आलाय मानपान, मीच लावू शकलो असतो. पण बोलायचं काय? बराच वेळ बसलो. फोन काही आला नाही. मग मी ते भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं.